द्विशिक्षकी शाळेचे साप्ताहिक वार्तापत्र : बातम्या कोणत्या घ्याव्यात आणि ते चालवावे कसे?

प्रश्न : मावळखोरे

भोर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका वाडीवर, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मी शिकवते. पहिली ते चौथीचे वर्ग, आम्ही दोन शिक्षक आणि पटावर १९ मुले, असा आमचा संसार आहे. शाळेत आठवडाभर काय घडले ते एका पानावर लिहून दर शनिवारी गावात द्यावे, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. शनिवारी सकाळची शाळा असते आणि २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाल्यामुळे त्या दिवशी अशा कामाला थोडी मोकळीकही मिळते.

अडचण अशी आहे की, आजूबाजूच्या शाळांची जी पत्रके मी पाहिली, त्यांत जयंती, पुण्यतिथी, वृक्षारोपण आणि पाहुण्यांची भेट यांखेरीज फारसे काही नसते. शिवाय मजकूर शिक्षकांनी लिहिलेला आणि नाव मुलांचे, हे दोन ओळी वाचताच कळते. तसे आम्हाला करायचे नाही. मात्र ज्या आठवड्यात जयंतीही नाही आणि पाहुणेही नाहीत, त्या आठवड्यात लिहायचे काय? पहिलीच्या मुलांना यात कसे घ्यावे? मुलांचे शुद्धलेखन कितपत सुधारावे? आमच्याकडची बरीच तरुण माणसे पुण्या-मुंबईला कामाला आहेत आणि मुले आजी-आजोबांजवळ राहतात; त्यांच्यापर्यंत हे पान कसे पोहोचवावे? ज्यांनी असे काही चालवले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : खडूफळा

बाई, मी दापोली तालुक्यातील शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. ‘आठवड्यात काही घडत नाही’ हे मोठ्या माणसांचे म्हणणे असते; मुलांना विचारले तर रोज दहा गोष्टी घडलेल्या असतात, फक्त त्या विचारण्याची वेळ आपण ठरवलेली नसते.

ती वेळ परिपाठात तयारच आहे. प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झाले की एक मुलगा शहरी वर्तमानपत्रातील मथळे वाचतो, त्यात शेअर बाजार असतो, परदेशातला कोणी मंत्री असतो, आणि वाचणाऱ्यालाही त्यातले अर्धे कळत नाही. ती पाच मिनिटे गावच्या बातमीला द्यावीत. फळ्याचा उजवा कोपरा आखून घ्यावा आणि रोज एका मुलाने तेथे एकच बातमी लिहावी. मग बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारावेत : तू स्वतः पाहिलेस का, केव्हा, किती, कोणाला विचारलेस? उत्तर देता आले नाही तर त्याने मधल्या सुट्टीत चौकशी करून यावे. ‘ओढ्याला खूप पाणी आले’ हे वाक्य या प्रश्नांतून गेले की ‘साकवाच्या खालच्या दगडापर्यंत पाणी आले’ असे होऊन बाहेर पडते. शनिवारी फळ्यावरच्या या ओळी वहीतून काढून त्यांतल्या चार-पाच निवडायच्या, एवढेच संपादन.

दोन सदरे मात्र कायमची ठेवावीत. पहिले पावसाचे. तुमच्याकडे पाऊस भरपूर, तेव्हा सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्या जागी, झाडापासून आणि वळचणीपासून दूर ठेवावा आणि आत जमलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. तोंड निमुळते असलेली बाटली चालत नाही, माप चुकते. हवामान खाते सकाळी साडेआठला मागील २४ तासांचा पाऊस नोंदवते. आपण आपली एक वेळ ठरवून ती मोडू नये, आणि सोमवारच्या आकड्यात रविवारचेही पाणी आहे हे विसरू नये. चौथीच्या मुलांना पुढचे गणितही देता येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे शाळेच्या छपराखालची जागा ५० चौरस मीटर असेल तर ४० मिलिमीटर पावसात त्या छपरावर २,००० लिटर पाणी पडते. हा आकडा मुलांनी काढून घरी सांगितला की घरचे आधी विश्वास ठेवत नाहीत, मग स्वतः मोजायला येतात.

दुसरे सदर जेवणाचे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. १७ मुले हजर असतील तर १ किलो ७०० ग्रॅम. तिसरी-चौथीच्या मुलांनी हा हिशेब रोज करावा आणि आज भाजी कशाची होती, कोणाच्या परसातून आली, कोणती अजिबात खपली नाही, हे लिहावे. स्वयंपाक करणाऱ्या ताईंची मुलाखत एकदा तरी घ्या, त्यांच्याइतके शाळेविषयी कोणालाच ठाऊक नसते.

पहिलीच्या मुलांनी चित्र काढावे आणि त्याखाली मुलाने सांगितलेले वाक्य दुसरीच्या मुलाने लिहावे. शुद्धलेखनाबाबत माझा रिवाज असा होता की वाचणाऱ्याचा घोटाळा होईल तेवढेच मुलाला दाखवून त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचे. ‘आमची म्हस येली अन् रेडी झाली’ हे वाक्य मी तसेच जाऊ दिले असते.

उत्तर : कात्रजकर

मी शिक्षक नाही. माझी मुलगी अशाच एका शाळेत दुसरीत आहे आणि गावी आजीजवळ राहते. मी पुण्यात कंपनीत कामाला आहे आणि सुट्टी मिळेल तसा गावी जातो. पालक म्हणून काय वाचायला आवडेल तेवढेच सांगतो.

शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर छायाचित्रे येतात. त्यांत पाहुण्यांचा चेहरा, हार, श्रीफळ आणि मागचा फलक स्पष्ट दिसतो, मुलांची मात्र डोकी पाठीमागून दिसतात. त्यांतली आपली कोणती हे शोधण्यात माझा वेळ जातो. त्यापेक्षा माझ्या मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली एक ओळ आली, तर तिचे ‘ळ’ अजून उलटे पडते का, हे मला इथे बसून कळेल आणि फोनवर बोलायला विषयही मिळेल. ‘आज शाळेत काय झाले?’ असे विचारले की ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. ‘पडवळाची भाजी कोणीच का खाल्ली नाही गं?’ असे विचारले की ती दहा मिनिटे बोलेल, याची मला खात्री आहे.

एक विनंती. कागद घरी जरूर पाठवावा. आमच्या आईला लिहिता-वाचता येत नाही, पण नातीने मोठ्याने वाचून दाखवले तर ती सगळे ऐकेल आणि शेजारणीलाही बोलावून ऐकवेल. मोबाइलवरचे चित्र तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

उत्तर : तिसरा तास

गुरुजींनी लिहिले ते पटते, पण ते प्रत्यक्षात कोण करणार याचाही विचार व्हावा, म्हणून जरा वेगळा सूर लावतो. दोन शिक्षकांपैकी एक जण केंद्रावरच्या शिक्षण परिषदेला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतील असे म्हटले आहे; परंतु ऑनलाइन माहिती भरणे या तिन्हींपैकी कशातच बसत नसले तरी ते कोणाला चुकलेले नाही. अशा स्थितीत दर आठवड्याला पान काढण्याचा नेम धरला, तर भात लावणीच्या दिवसांत निम्मी मुले शेतात असताना तो नेम मोडतो आणि एकदा मोडलेला नेम पुन्हा जुळवणे कठीण जाते. माझ्या मते पाक्षिक काढावे आणि नीट काढावे.

खर्चाचे म्हणाल तर तो मोठा नाही. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यावर हक्क सांगणारी कामे अनेक असतात, हे खरे. तरीही २० झेरॉक्स प्रतींचा खर्च शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडून ठराव करून घ्यावा. पुढे कोणी विचारले तर उत्तर तयार राहते.

उत्तर : खडूफळा

पाक्षिकाला माझा विरोध नाही, पण सात-आठ वर्षांच्या मुलाला मागच्या पंधरवड्याचा सोमवार म्हणजे गेल्या जन्मीची गोष्ट वाटते. पान अर्धे करावे, आठवडा ठेवावा. लावणीच्या दिवसांत तर बातम्या शेतातूनच येतात. कोणाच्या खाचरात लावणी झाली, इरली किती आणि प्लास्टिकचे कागद किती, नाचणीची रोपे कोणी लावली, हे सारे आपल्या पानासाठीच आहे. गैरहजर मुलालाच त्या आठवड्याचा बातमीदार नेमावे.

उत्तर : पाटी

एक बाजू अजून कोणी मांडलेली नाही. मुले खरे लिहू लागली की घरचेही लिहितात. आमच्या शाळेत तिसरीच्या एका मुलाने ‘काल रात्री आमच्याकडे भांडण झाले, मी आत्याकडे झोपलो’ अशी बातमी आणली होती. गुरुजींच्या पद्धतीप्रमाणे ती फळ्यावर गेली असती आणि बाकीच्यांनी ‘कोणी पाहिले, केव्हा, कशावरून’ असे विचारले असते. म्हणून बातमी फळ्यावर जाण्याआधी प्रत्येक मुलाने ती शिक्षकाला हळूच सांगावी, असा नियम आधीच करावा आणि तो सर्वांना सारखा लावावा. तसे केले तर एखाद्याचीच बातमी अडवली असे त्याला वाटत नाही. त्या मुलाला आम्ही ‘हे छापण्यासारखे नाही’ असे म्हटले नाही. ‘हे तू मला सांगितलेस ते बरे केलेस, पानासाठी दुसरे काही दे’ असे म्हटले आणि मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसून बोललो. मुलाने जे सांगितले ते वार्तापत्रात जात नाही म्हणून शिक्षकाची जबाबदारी संपत नाही, उलट तेथूनच ती सुरू होते. मारहाणीची शंका असेल तर मुख्याध्यापकांना सांगून चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकाची मदत घ्यावी.

याच कारणाने गैरहजर मुलांची नावे, वजन-उंचीच्या नोंदी, शिष्यवृत्तीच्या याद्या, कोण वाचनात मागे आहे, हे काहीही पानावर येऊ नये. हजेरीचा आकडा पुरेसा आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेले पान गावच्या गटातून कुठे कुठे फिरेल हे आपल्या हाती राहत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीच्या पालक सभेतच साध्या मराठीत लिहिलेल्या संमतीपत्रावर सह्या किंवा अंगठे घ्यावेत. मोबाइलवर जाणाऱ्या पानावर मुलाचे नुसते पहिले नाव असावे, छायाचित्र नसावे. कात्रजकरांना अक्षर हवे आहे आणि अक्षर त्यात येतेच.

उत्तर : टपालपेटी

या कल्पनेला शंभर वर्षे झाली, हे सांगावेसे वाटते. फ्रान्सच्या दक्षिणेकडील बार-स्यूर-लू या लहान गावात सेलेस्ताँ फ्रेने नावाचे प्राथमिक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात छातीला जखम झाल्यामुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलणे झेपत नसे. १९२४ च्या सुमारास त्यांनी वर्गात हाताने चालवायचे छोटे छपाईयंत्र आणले. मुलांनी गावात पाहिलेल्या गोष्टी सांगायच्या, त्यांतली एक सर्वांनी निवडायची, ती फळ्यावर नीट करायची आणि मुलांनीच खिळे जुळवून छापायची, असा क्रम असे. पुढे त्यांनी ही पाने दूरच्या ब्रिटनी प्रांतातील एका गावशाळेला पाठवायला सुरुवात केली आणि तिकडून समुद्रकाठच्या मुलांची पाने येऊ लागली.

बाई, तुमच्या प्रश्नाला हे जुळते ते असे की, बातमी कोणती हे वाचक ठरवतो. गावातल्या माणसाला ओढ्याचे पाणी ठाऊक असते. ज्याने तो ओढा पाहिलेलाच नाही त्याच्यासाठी लिहायचे म्हटले की मुलाला ‘साकव’ म्हणजे काय, तो कशाचा बांधतात, हेही लिहावे लागते. खडूफळा गुरुजींच्या ओळखीची किनाऱ्यावरची एखादी शाळा असेल, तर महिन्यातून एकदा चार पानांची अदलाबदल करून पाहावी. तुमच्याकडे लावणी चाललेली असते तेव्हा त्यांच्याकडे मासेमारी बंद आणि होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. दोन्हीकडच्या मुलांना विचारण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : मावळखोरे

सर्वांचे आभार. सहशिक्षकांशी बोलून असे ठरवले आहे. पान अर्धेच असेल, पण दर शनिवारी निघेल. आमच्यापैकी एक जण बाहेरच्या कामावर असेल त्या आठवड्यात फक्त पाऊस, हजेरीचा आकडा आणि एक चित्र एवढेच जाईल, म्हणजे नेमही मोडणार नाही आणि ओझेही होणार नाही. बातमी आधी शिक्षकाला सांगायची हा ‘पाटी’ यांचा नियम पहिल्या दिवसापासून लावू. जेवणाच्या सदराविषयी मला थोडी धाकधूक होती, कारण मुलांचा हिशेब आणि नोंदवही यांत एखाद्या दिवशी ग्रॅमचा फरक पडला तर त्याचे भलतेच अर्थ निघायचे. पण सहशिक्षक म्हणतात की मुले रोज मोजणार आहेत हे माहीत असले की फरक पडणारच नाही. तेव्हा तेही सदर घेत आहोत. किनाऱ्यावरच्या शाळेशी गुरुजींनी बोलून द्यावे, पहिली पाने आम्ही पाठवू.

आता एकच व्यावहारिक शंका. मुले शिसपेन्सिलीने लिहितात आणि बाजारातल्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली की निम्मी अक्षरे दिसतच नाहीत.

उत्तर : खडूफळा

पेन्सिलीवर चौथीच्या मुलांनी काळ्या जेल पेनाने गिरवावे. निळी शाई झेरॉक्समध्ये फिकी येते. ओळी आखलेल्या जाड कागदावर कोरा कागद ठेवावा, खालच्या ओळी वरून दिसतात, लिखाण सरळ येते आणि झेरॉक्समध्ये रेघा उमटत नाहीत. चारही बाजूंना बोटभर समास सोडावा, नाहीतर यंत्र कडेचे शब्द खाते. पहिलीच्या मुलांची चित्रे मात्र रंगीत खडूने काढून घेऊ नका. पिवळा रंग तर पूर्ण नाहीसा होतो. किनाऱ्यावरच्या शाळेतील बाईंशी मी बोललो आहे. त्यांच्याकडे २२ मुले आहेत आणि साकव कशाचा बांधतात, हा प्रश्न त्यांच्या मुलांनी आताच पाठवला आहे.