मदत हवी आहे: ग्रिलवर राणी पाकोळीचा कोष आणि सोमवारपासून रंगकाम

नमस्कार मंडळी. ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहतो. गणपतीत गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीवर मोठं काळं-निळं फुलपाखरू आलं आणि कोवळ्या पानांवर सुटी सुटी अंडी घालून गेलं. ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपली राणी पाकोळी, २०१५ पासूनचं राज्य फुलपाखरू. आई निंबोळी तेल घेऊन उभीच होती. म्हणाली, "असेल राज्याचं, लिंबू माझं आहे."

तीनपैकी दोन अळ्या गायब झाल्या, बहुतेक बुलबुलाने नेल्या. उरलेली आधी अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसायची, मग कात टाकत टाकत हिरवीगार झाली. बोट लावलं की डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर, आणि असला उग्र भपकारा की पुन्हा लावू नये. परवा पातळ शी करून तिने कुंडी सोडली, बराच वेळ भटकली आणि ग्रिलच्या गजावर कमरेला रेशमाचा दोर बांधून बसली. (सोमवारी रंगारीही तसेच लटकणार!) आज शुक्रवारी सकाळी बघतो तर कोष.

सोमवारी इमारत आधी पाण्याच्या प्रेशरने धुणार, मग रंग. कोष हलवता येतो का? आणि फुलपाखरू निघाल्यावर येऊरला नेऊन सोडायचं का?

प्रतिसाद १:
आज हात लावू नका, ताजा कोष मऊ असतो. रविवारी संध्याकाळी हलवा. कोष ओढायचा नाही. शेपटाकडची रेशमाची गादी ओल्या कापसाने भिजवून बोथट सुरीने खरवडून सोडवा. मग खरखरीत काडीवर, डोकं वर ठेवून, दोऱ्याने सैल बांधा. काडी उभीच हवी. बाहेर आल्यावर तिला चढून पंख खाली सोडायला जागा लागते, नाहीतर ते चुरगळलेलेच वाळतात. साधारण दोन आठवडे धरून चाला. कोष काळपट पडला की समजा आलीच.

येऊरला नेण्याची गरज नाही, गॅलरीतूनच सोडा. जंगलात तिच्या अळ्या माकडलिंबावर वाढतात, पण मोठी झाल्यावर ती फुलांसाठी बागांत खुशाल फिरते. अंडी घालताना पाहिलंत ते बरं, नुसत्या अळीवरून कॉमन मॉरमॉन या तिच्या जवळच्या फुलपाखराशी गल्लत होते.

धागाकर्ता:
धन्यवाद! रविवारी हलवला, गादी अख्खी सुटली. काडी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. शिवणाच्या डब्यातला दोरा आईनेच काढून दिला. हिरवा, कोषाला शोभेलसा.