मदत करणाऱ्यामागे ससेमिरा लागत नाही

रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेलं की पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो, असं म्हणतात. ही भीती जुनी आहे. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांसाठीच्या सूचना बंधनकारक केल्या आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं 134अ कलम आलं. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. 108 ला फोन करा, किलोमीटरचा दगड वाचून सांगा. 'घाटात कुठेतरी' म्हटलं तर रुग्णवाहिका शोधत बसते.

जखमीला पाणी पाजू नका, आग वगैरे नसेल तर ओढून बाहेर काढू नका. वाहत्या रक्तावर स्वच्छ ओढणी घट्ट दाबून धरा, आणि सारखी उचलून बघू नका!

माझा स्वतःचा अनुभव बोरघाटातला. खंडाळ्याहून खाली उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली होती (हो, तेवढा शहाणा होतो). न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो; चौथ्या-पाचव्या वळणावर ब्रेक तापून जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल स्पंजासारखं खाली गेलं. दुसऱ्या गिअरवर घेत पुढच्या गाडीला निसटतं टेकवलं. मग मागच्या गाड्यांना इशारा द्यायला रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण शोधला, तर तो डिकीत स्टेपनीखाली, वर चार बॅगा आणि आंब्याची पेटी. बायको तोवर मुलांना घेऊन कठड्यापलीकडे उभी होती. मी मात्र गाडीमागे वाकून बंपर बघत होतो, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकच्या बरोब्बर वाटेत. आता त्रिकोण ड्रायव्हरच्या सीटखाली असतो.