कागद मराठीत मागितले म्हणजे सीमालढा सोडला का?

खानापूरकर: परवा गल्लीतल्या आजी शेताचा उतारा पिशवीत घालून आल्या. जन्मभर कसलेली जमीन, पण कागदावर आपलं नाव कुठं आहे ते त्यांना कळेना. शेजारची पोर कन्नड शाळेत जाते, तिनं बोट ठेवून दाखवलं. आमचा बेळगावचा सीमाभाग कर्नाटकात राहणार की महाराष्ट्रात जाणार, ते सर्वोच्च न्यायालय ठरवील. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून पडून आहे. तोवर उतारे, नोटिसा मराठीत मिळवायला बंगळूरशी तडजोड करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी महाराष्ट्रात जाण्यासाठी लढणाऱ्या एकीकरण समितीचा माणूस राष्ट्रीय पक्षात गेला तर मी त्याला गद्दार म्हणणार नाही. काय आणलंस, एवढंच विचारीन.

हिंडलग्याचा: साफ अमान्य. भाषिक अल्पसंख्य म्हणून हात पसरलात की आम्ही कर्नाटकाचेच, असं लिहून दिल्यासारखं होतं. आणि हे जाणारे आणतात काय? एका वर्षी १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेधाची काळी फीत दंडावर, तिकीट मिळालं की पुढच्या वर्षी त्याच तारखेला राज्योत्सवाच्या स्टेजवर. डोळ्यांनी बघितलंय. १९८६ ला कन्नड सक्तीच्या आंदोलनात माणसं गोळीबारात गेली, ती ह्यासाठी?

खानापूरकर: दादा, ती सक्तीविरुद्धच उभी होती ना? म्हणजे हक्कासाठीच. मी तेच मागतोय.

निपाणीकर: भूमिका फक्त इथल्यांनीच बदलल्या काय? सीमावाद सोडवायला महाजन आयोग नेमा असा आग्रह धरला महाराष्ट्रानं, आणि १९६७ ला अहवाल आला तेव्हा नाकारलाही महाराष्ट्रानं. बेळगाव कर्नाटकात ठेवलं होतं, पण २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं, त्यात आमची निपाणी होती. तेव्हा मान तुकवली असती तर आज माझी मुलं महाराष्ट्रात शिकली असती. हे बोललं की बेळगावचे मित्र दुखावतात, पण आमच्या घरात हे बोलणं रोजचं आहे.

हिंडलग्याचा: आणि आम्हाला सोडून गेला असता.

निपाणीकर: हो. म्हणूनच चारचौघांत बोलत नाही.

वडगावची: तडजोड म्हणजे फितुरी नव्हे. १९३२ च्या पुणे करारात बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले, पण १४८ राखीव जागा पदरात पाडून घेतल्या. पुढं त्याच करारावर त्यांनी कडाडून टीकाही केली. काय सोडलं, काय मिळालं, हे लोकांपुढं मांडलेलं होतं. आमचे पुढारी रात्रीत पक्ष बदलतात आणि सकाळी फक्त हाराचा फोटो येतो. माझा राग त्या लपवाछपवीवर आहे.

निपाणीकर: आजींच्या उताऱ्याचं काय झालं?

खानापूरकर: नावात एक अक्षर चुकलंय. दुरुस्तीचा अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणाले.

हिंडलग्याचा: मराठीतच द्या. घटनेचं कलम ३५० वाचा: गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. ही तडजोड नव्हे, हक्क आहे. पोच घेतल्याशिवाय उठू नका. कधी जाताय सांगा, मी येतो.