मदत हवी आहे: बाबांचं १९९१ चं भजन 'एआयने बनवलेलं' म्हणून परत येते, काय करू?

मानेवाडा_खंजिरी
नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. माझे बाबा खंजिरी भजन म्हणायचे, त्यांची १९९१ ची एक कॅसेट घरी आहे. त्यातलं एक भजन ऑनलाइन टाकायला पाठवलं तर दोनदा परत आलं, मेसेज येते की हा ऑडिओ एआयने तयार केलेला दिसतो म्हणून प्रकाशित करता येत नाही. अरे माझ्या बापाचा आवाज आहे तो! १९९१ ले कुठं होतं एआय? २२ मेला बाबांचं वर्षश्राद्ध आहे, त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना आणि त्यांच्या भजनी मंडळाले लिंक पाठवायची असं मी आईले सांगून बसलो, आता नऊ दिवस राहिले. त्या मशीनले पटवायचं कसं? कोणाले अनुभव असेल तर लवकर सांगा.

टेपवाला
भाऊ, एवढ्यावर कोणी काही सांगू शकणार नाही. थेट पाठवलं का डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी ॲपवर चढवून देणाऱ्या कंपनीमार्फत? कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये कसं घेतलं, लाइन-इनने म्हणजे थेट वायर जोडून, का टेपसमोर मोबाइल ठेवून? फाइल एमपी३ का वेव्ह? आणि घेतल्यावर त्याच्यावर काय काय केलं?

सायली_धरमपेठ
आमच्याकडे अगदी हेच झालं, फक्त चित्राच्या बाबतीत. मुलगी आठवीत आहे, फुटाळा तलावाचं वॉटरकलर काढून एका ऑनलाइन स्पर्धेला पाठवलं, दुसऱ्या दिवशी मेल की चित्र एआयचं आहे. दोन दिवस पोरगी जेवली नाही नीट. मग मी त्या कागदाचा उजेडात तिरका फोटो काढला, खालच्या पेन्सिलच्या रेघा दिसतील असा, मागच्या बाजूला रंग पाझरला होता त्याचाही, आणि ते सगळं पाठवलं. तेव्हा कुठे घेतलं. तुम्हीपण मूळ कॅसेटचा फोटो, कव्हरवरचं हस्ताक्षर, कॅसेट टेपमध्ये टाकून वाजवतानाचा व्हिडिओ असं सगळं पाठवा. या मशीन चित्राला मार्क देतात तरी कशाच्या जोरावर हेच मला कळत नाही.

कोथरूडचा_समीर
सायलीताई, मार्क देणं वेगळं आणि एआय ओळखणं वेगळं. मार्क देणारी मॉडेल्स, उदाहरणार्थ गूगलचं २०१७ चं निमा, लोकांनी फोटोंना दिलेले १ ते १० गुण बघून शिकलेली असतात, हा फोटो लोकांना किती आवडेल एवढंच ती सांगतात. ओळखणारी मॉडेल्स सौंदर्य बघतच नाहीत, ती खुणा शोधतात. आवाजाचं म्हणाल तर एआय छोट्या माहितीतून ताणून ताणून पूर्ण ध्वनी उभा करतं, त्या ताणण्यात स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे आवाजातल्या उंच-खालच्या स्वरांच्या आलेखात, ठराविक अंतरावर बारीक शिखरं उमटतात. कानाला कळत नाहीत, मशीनला दिसतात. आणि हे गाण्यांच्या ॲपवाले आता कडक का झालेत तेही समजून घ्या. डीझर या गाणी ऐकवणाऱ्या ॲपने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज साधारण १०,००० गाणी पूर्णपणे एआयची येतात, म्हणजे रोज येणाऱ्या गाण्यांच्या १० टक्क्यांच्या आसपास.
धागाकर्ते, तुम्ही आवाज साफ करणारं एखादं ॲप वापरलंय का? ते एआयचं असेल तर त्याच खुणा तुमच्याही फाइलमध्ये येऊ शकतात.

वर्धा_वकील
पण भजन कोणाचं आहे ते आधी सांगा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं असेल तर महाराज ऑक्टोबर १९६८ मध्ये गेले, रचनाकार गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे २०२८ संपेपर्यंत. परवानगीशिवाय टाकू नका. ही गोष्ट एआयपेक्षा मोठी आहे.

मानेवाडा_खंजिरी
वकीलसाहेब, शब्द बाबांचे स्वतःचे आहेत, वही आहे घरी. चालही त्यांचीच.
टेपवाला भाऊ, डिस्ट्रिब्युटरमार्फत. मोबाइलवर रेकॉर्ड केलं. नंतर एका ॲपने साफ केलं, एवढंच. घरघर लय होती, कॅसेट पेटीत माळ्यावर होती इतकी वर्षं. मले उपाय सांगा नं कोणी, सगळे प्रश्नच विचारून राहिले.

काटोल_रोड
कॅसेट दोन तास उन्हात ठेवा, ओल निघून जाते, आवाज खुलतो. मी स्वतः करून पाहिलं आहे.

टेपवाला
कृपा करून हे करू नका!! मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात कॅसेट ठेवली तर कवच वाकतं आणि फीत सुरकुतते, मग परत मिळत नाही. रीलच्या काही फिती भट्टीत मोजून तापवतात, ते काम वेगळं, त्या फिती वेगळ्या. कॅसेटला बुरशी असेल तर स्क्रू खोलून फीत नव्या कवचात घालायची, आत स्पंजची छोटी गादी असते, ती पडली असेल तर नवीन लावायची, प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. मी ३० वर्षं हेच केलं आहे. भाऊ, वीस सेकंद इथे टाका, साफ केलेलं आणि न केलेलं दोन्ही.

काटोल_रोड
माझी कॅसेट अजून चालते.

मानेवाडा_खंजिरी
टाकलं. खाली लिंक आहे. आणि कव्हरही टाकलं, बाबांच्या फोटोवरून केलेलं.

टेपवाला
दोन्ही चारचारदा ऐकलं, हेडफोन लावून. मूळ फाइलमध्ये घरघर आहे पण खंजिरीच्या पितळी चकत्यांचा छनछनाट स्पष्ट आहे, थाप पडल्यावर तो अर्धा सेकंद रेंगाळतो. साफ केलेल्यात थाप आहे आणि छनछनाट पाण्याखालून आल्यासारखा. ॲपला टेपची घरघर आणि चकत्यांचा आवाज सारखाच वाटला, त्याने दोन्ही पुसले आणि मग जे उरलं त्याला स्वतःच्या अंदाजाने भरलं. खंजिरी भजनातून खंजिरीच गेली भाऊ.
आणि अजून एक. तुम्ही जो तुकडा टाकला त्यात शेवटच्या दोन ओळींना श्वासच नाही. त्याआधी बाबा प्रत्येक ओळीच्या तोंडाशी श्वास घेतात, ऐकू येतो. या दोन ओळींचं काय आहे?

चितार_ओळ
कव्हर बघितलं. राग मानू नका पण ही खंजिरी नाही. खंजिरीला कातडं ताणलेलं असते, तुमच्या चित्रात नुसती चकत्यांची रिंग आहे, चर्चमध्ये वाजवतात तशी. आणि वडिलांची टोपी फोटोत डावीकडे कललेली दिसते, चित्रात एकदम सरळ केली. मूळ फोटो पाठवा, मी रविवारपर्यंत हाताने काढून देतो, पैसे नकोत. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून मूर्ती आणि चित्रं चालू आहेत, माझे आजोबा भजनाला जायचे.

मानेवाडा_खंजिरी
सांगतो खरं ते. दुसऱ्या कडव्यात फीत चुरगळली होती, प्लेअरने खाल्ली होती कधीतरी. दोन ओळी गेल्याच. वहीत शब्द होते. एका ॲपमध्ये बाबांचा बाकी आवाज टाकला आणि त्या दोन ओळी त्यांच्या आवाजात बनवून घेतल्या. आईला सांगितलं नाही. ऐकल्यावर मीच तासभर बसून राहिलो होतो, वाटलं बाबाच म्हणून राहिले. चार मिनिटांचं भजन आहे, त्यात दहा-बारा सेकंद आहेत हे. म्हणून मी लिहिलं नव्हतं.

कोथरूडचा_समीर
मग मशीन चुकलं नाहीये. तुम्ही आम्हाला चार दिवस मशीन चुकतंय म्हणून सांगत होतात.

सायली_धरमपेठ
समीर, जरा सबुरीने. बाप गेलेल्या माणसाशी बोलतोयस. मुलाने बापाच्या अर्ध्या राहिलेल्या ओळी पूर्ण केल्या तर कोणाचं काय गेलं? रहमानने २०२४ मध्ये 'लाल सलाम' या तमिळ सिनेमाच्या गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या गायकांचा आवाज एआयनेच आणला ना, दोघंही तेव्हा हयात नव्हते.

कोथरूडचा_समीर
घरच्यांची परवानगी घेऊन, मोबदला देऊन, आणि जाहीर सांगून. तोच तर फरक आहे. बीटल्सचं २०२३ ला आलेलं शेवटचं गाणंही लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटवरचंच होतं, पण तिथे मशीनने लेननचा आवाज पियानोपासून सोडवून काढला, नवीन बनवला नाही. त्याला २०२५ ला ग्रॅमी मिळालं. यांनी फॉर्ममध्ये 'एआय वापरलं नाही' वर टिक केली असणार. केली ना?

वर्धा_वकील
मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाची परवानगीशिवाय एआय नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली आहे. मुलगा वारस आहे, इथे तक्रार करणारं कोणी नाही, तरी टिक खोटी असेल तर ती काढा.

मानेवाडा_खंजिरी
केली होती टिक. काढतो.

काटोल_रोड
अवांतर: मंडळाच्या गणपतीसाठी एआयने गाणं करून देणारं मराठीत चांगलं ॲप कोणतं?

पवनीची_लेक
काटोल रोड, वेगळा धागा काढा.
दादा, मी तुमच्या बाबांना ओळखत नाही, पण आमच्या गावात खंजिरी भजन लहानपणापासून ऐकलं आहे. भजन काही एकट्याचं नसते. म्हणणारा थकला, खोकला, ओळ विसरला तर मागचे उचलतात आणि भजन चालू राहते. आमच्या मामाजींचा तर शेवटी शेवटी आवाजच जात नव्हता, ते नुसती खंजिरी वाजवायचे आणि मंडळ म्हणायचं. तुमच्या बाबांच्या मागे म्हणणारं कोणी आहे का अजून? त्या दोन ओळी त्यांना म्हणू द्या. बाबांचा आवाज जिथे तुटते तिथे तुटू द्या, आणि त्याच्यानंतर संगतीचा माणूस सुरू झाला तर ऐकणाऱ्याला कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

मानेवाडा_खंजिरी
ताई, तुमचा प्रतिसाद रात्री आईला वाचून दाखवला. मग सगळंच सांगितलं तिला. बाबांसोबत पेटी वाजवणारे एक काका आहेत, ७८ वर्षांचे, योगायोग म्हणजे तेही पवनीलेच राहतात. सकाळी फोन केला, साफ न केलेलं भजन पाठवलं. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला. म्हणे, "अरे बाबू, हे कोण म्हणून राहिलं? तुझा बाप काळी एकमध्ये म्हणायचा, हे पांढरी दोन आहे. त्याचा आवाज इतका पातळ नव्हता." मी म्हटलं काका इतक्या वर्षांनी असं वाटते. ते म्हणे, "माझी पेटी तीच आहे, बदलली नाही, लावून पाहिली आत्ता." टेपवाला भाऊ, असं होऊ शकते काय?

टेपवाला
शंभर टक्के होऊ शकतं, आणि ही माझी चूक आहे की मी आधी विचारलं नाही. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालायला पाहिजे. तुमचा प्लेअर जोरात पळतोय. पेटीवर काळी एकच्या जागी तिच्या शेजारची पांढरी दोन पट्टी म्हणजे अर्धा स्वर वर, म्हणजे वेग साधारण ६ टक्के जास्त. मोटरच्या मागे बारीक छिद्रात स्क्रू असतो, त्याने वेग कमी होतो. तो फिरवायला जमत नसेल तर फाइलचा वेग ९४.४ टक्क्यांवर आणा, पण फक्त वेग, 'स्वर कायम ठेवा' असं काही दिसलं तर ते बंद ठेवा. आणि भाऊ, त्या ॲपला तुम्ही जो आवाज शिकवला तो हाच, पळणाऱ्या टेपचा.

मानेवाडा_खंजिरी
हो. ते माझ्या आत्ताच लक्षात आलं. त्या दोन ओळी बाबांच्या आवाजात नव्हत्याच मग.

टेपवाला
नव्हत्या. कॅसेट घेऊन इतवारीत माझ्याकडे या, पत्ता व्यनि (खासगी निरोप) केला आहे. गादी बदलू, वेग जुळवू, लाइन-इनने वेव्ह काढू. घरघर राहू द्या, फार तर अगदी वरची थोडी कमी करू साध्या फिल्टरने, एआय नको. चुरगळलेला भाग इस्त्री वगैरे करायला जाऊ नका, मी बोटाने सरळ करून पाहतो, एखादा शब्द निघाला तर निघाला.

मानेवाडा_खंजिरी
काल जाऊन आलो. नवीन फाइल काळी एकला बरोबर लागते, काकांनी फोनवर पेटी धरून खात्री केली. चुरगळलेल्या जागेतून पहिल्या ओळीचे तीन शब्द निघाले, बाकी नाही. चितार ओळचे दादा कव्हर काढून राहिले, टोपी डावीकडे. डिस्ट्रिब्युटरला जुनं काढून टाका म्हणून लिहिलं, सायलीताईंनी सांगितलं तसा कॅसेट वाजतानाचा व्हिडिओ नवीन फाइलसोबत देणार. काका सोमवारी सकाळच्या बसने येऊन राहिले पेटी घेऊन. आता शेवटचं विचारतो: आमच्या खोलीत कूलरशिवाय बसणं होत नाही आणि कूलरचा आवाज लय आहे, रेकॉर्डिंग कसं करायचं?

टेपवाला
रविवारीच बोलावून घ्या काकांना, मुक्कामी. सोमवारी पहाटे पाचला करा, कूलर-पंखा बंद, खिडकीला गोधडी. माइक मी देतो, पण स्टँड नाही.

पवनीची_लेक
मी रविवारी दुपारी नागपूरलेच येत आहे गाडीने. काकांना घेऊन येते, पेटी बसमध्ये न्यायची गरज नाही. नंबर व्यनि करा.

चितार_ओळ
स्टँड आहे माझ्याकडे.