मदत हवी आहे: पावसाच्या पाण्याचा प्लास्टिकचा पिंप गळतोय

बागेत पावसाचं पाणी साठवायला २०० लिटरचा निळा पिंप ठेवलाय. तो आता दोन ठिकाणी गळतोय. नळाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी येतं. त्याची मला फारशी काळजी नाही. नळ काढून आतून-बाहेरून नवे रबरी वॉशर घातले आणि नट नीट आवळला की थांबेल असं वाटतं.

खरी अडचण तळाजवळच्या तड्याची आहे. बोटभर लांबीचा, केसासारखा बारीक. पिंप अर्धा असेपर्यंत नुसता ओलावा दिसतो, पण काठोकाठ भरला की तडा किंचित उघडतो आणि पाण्याची बारीक धार लागते. भरलेल्या पिंपात २०० किलो पाणी असतं, आणि तळाजवळ दाब सर्वात जास्त असतो.

पिंपावर एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन) असा शिक्का आहे. या प्लास्टिकला कुठलाच साधा गोंद नीट धरत नाही. इपॉक्सी पुटी लावून पाहिली, तर वाळल्यावर अख्खी खपली निघून आली. म्हणून आता तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो पुढे सरकणं थांबवायचं आणि त्याच प्लास्टिकची पट्टी वितळवून वेल्डिंग करायचं, असा विचार आहे.

हे कुणी केलंय का? साध्या सोल्डरिंग गनने जमतं की हॉट एअर गनच लागते? वेल्डिंग आतून करावं की बाहेरून? आणि उन्हाने प्लास्टिक कडक झालं असेल तर शेजारीच नवा तडा जाईल का? पिंप फेकून द्यायची अजिबात इच्छा नाही. पाणी फक्त झाडांनाच घालतो.