निबंधातला 'हिरवा शालू' पाठ करून घ्यायचा की नाही?

लाल_पेन
परवा नववीच्या ४३ वह्या तपासल्या. विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. ३१ वह्यांत धरतीमातेने हिरवा शालू नेसलाय, ९ जणांकडे मोरही नाचलाय. आमची शाळा दुष्काळी माण तालुक्यात. मोराचं एक वेळ सोडा, पण शालू?

वही परत देताना एका पोराला सहज विचारलं, रात्री पाऊस झाला ना रे तुमच्याकडे? म्हणाला, "व्हय की सर. पत्र्यावर वाजाय लागला की आज्जी उठती आन् पातेली मांडती. कुठलं पातेलं कुठल्या गळतीखाली, तिला अंधारात बी म्हाईत हाय." म्हटलं, मग हे का नाही लिहिलंस? तो माझ्याकडे बघतच राहिला. "हे निबंधात चालतंय?"

माझं स्पष्ट मत : गाइडातले निबंध पाठ करून घेणं बंद करा. आठवड्याला एकच परिच्छेद, आठ-दहा ओळींचा, स्वतः पाहिलेलं-ऐकलेलं लिहायचं. वर्गात मोठ्याने वाचायचं. वाचताना जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण, आणि दोन दिवसांनी तोच परिच्छेद पुन्हा लिहायचा. पुन्हा लिहिणं आपल्याकडे फक्त शिक्षा म्हणून माहीत आहे, 'दहा वेळा लिहून आण' वाली.

खडू_फळा
३२ वर्षं मराठी शिकवलं, म्हणून बोलतो. दहावीच्या कुमारभारतीला, म्हणजे मराठीच्या पेपरला, लेखी ८० गुण, त्यात उपयोजित लेखन २४ चं. निबंधाचे ८. मागच्या बाकावरच्या पोराने गाइडातल्या दहा ओळी उतरवल्या तर त्याला ८ पैकी ३-४ पडतात आणि काठावर असला तर तो निघतो. त्याला 'स्वतःचं लिही' म्हणालात की कोरा कागद येतो. मी पाहिलेत असे कागद, वर नुसता 'श्री' काढलेला.

आणि पाठांतराला एवढी नावं का ठेवता? आमची आई शाळेत गेली नाही, पण तिला ओव्या इतक्या पाठ होत्या की बोलायला बसली तर वाक्य कुठे मोडायचं नाही. आधी कानात भाषा पडू द्या.

लाल_पेन
@खडू_फळा ओव्या पाठ करायला माझी ना नाही हो सर. पण गाइडातला शालू आणि जात्यावरची ओवी एका पारड्यात?

सेमीवाली_आई
माझी मुलगी सहावीत, सेमीला. मागच्या सत्रात आजोबांच्या ऑपरेशनबद्दल दीड पान लिहिलं होतं तिने, कोणी न सांगता. वही परत आली तेव्हा २७ लाल गोल. मजकुराबद्दल एक अक्षर नाही. आता ती काय करते माहीत आहे? ज्या शब्दाची खात्री नाही तो शब्दच टाळते. 'आजोबा सुखरूप घरी आले' असं लिहायचं होतं, 'रु' की 'रू' कळेना, म्हणून लिहिलं 'आजोबा घरी आले'. मी शेजारी बसले होते म्हणून मला समजलं. बाईंना ते वाक्य बिनचूकच दिसणार.

ऱ्हस्व_दीर्घ
मग काय, शुद्धलेखन सोडून द्यायचं? साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली १४ होते, १९७२ मध्ये ४ आणखी आले. झाले १८. क्रिकेटचे ४२ आहेत, त्यांवर पोरं तासन्‌तास भांडतात. २७ गोल काढणं मूर्खपणा आहे हे मान्य. एका महिन्यात एकच नियम धरा आणि तेवढ्याच चुका दाखवा. अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ : गरीब, वकील, फूल. विभक्ती लागली की ऱ्हस्व : गरिबाला, फुलाला. हे कुणी समजावलं असतं तर तुमच्या लेकीने 'सुखरूप' टाळला नसता.

वऱ्हाडी_ठेचा
@ऱ्हस्व_दीर्घ भाऊ, 'रूप' तत्सम आहे, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. तिथे तुमचा नियम लागतच नाही, 'गुण' आणि 'विष' बघा. शब्द योगायोगाने दीर्घ निघाला. तुमचीच ही गत, तर सहावीतली पोरगी काय करेल?

ऱ्हस्व_दीर्घ
बरोबर आहे. चुकलो. (तरी नियम शिकवायलाच हवेत.)

वऱ्हाडी_ठेचा
धाग्याच्या मूळ मुद्द्यावर. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवेचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी. आज १७० वर्षांनंतरही आपण तो वाचतो, कारण तिने स्वतःच्या लोकांचं लिहिलं. तिच्या हातात गाइड दिलं असतं तर?

खडू_फळा
हे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. तो निबंध नीट वाचा. नुसती कहाणी नाही सांगितली तिने. वेद फक्त ब्राह्मणांचेच असतील तर मग आम्ही धर्मपुस्तकाविना आहोत, असा समोरच्याला कोंडीत पकडणारा मुद्दा आहे. हे नुसतं 'पाहिलेलं लिही' म्हणून येत नाही. वाचन लागतं, आणि शिकवणारा लागतो. पातेल्यांचं वर्णन छान, पण उद्या त्याच पोराला 'पत्रे बदलून मिळावेत' असा ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचाय. विषय, संदर्भ, मागणी एका ओळीत. तो साचा पाठच करावा लागतो.

लाल_पेन
अर्जाचं एकदम मान्य. साचा तिथे हवाच. हे मी वर लिहायला हवं होतं.

सेमीवाली_आई
पण ६० मुलांच्या वर्गात दर आठवड्याला एवढं तपासणार कोण?

लाल_पेन
मी नाहीच तपासत सगळं. रोज पाच जण वाचतात, बाकीचे ऐकतात आणि 'कळलं नाही' तिथे हात वर करतात. सहीचा सोपस्कार मात्र सगळ्या वह्यांवर करावाच लागतो, तपासणीला माणसं येतात.

बरं, त्या पोराने दुसरा खर्डा आणलाय. जसाच्या तसा : 'रात्री पाऊस आला. आज्जीने पातेले मांडले. मोठ्या पातेल्यात टप्प वाजते आणि वाटीत टिंग. मी आवाज ऐकत झोपलो. सकाळी आज्जी म्हणाली एक पातेले कमी पडले म्हणून ती जागीच होती.' आणि त्याखाली शेवटची ओळ : 'अशा प्रकारे धरतीमातेने हिरवा शालू नेसला.'

खोडायला सांगू का?

खडू_फळा
राहू द्या. मी ८ पैकी ६ देईन.

वऱ्हाडी_ठेचा
मी ७. शालूचा एक कापला.