घरांचं व्हॅल्युएशन: या लाइनमध्ये पुढे पैसे आहेत का? (पुणे, मदत हवी आहे)

मोजपट्टी

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी बीई सिव्हिल, २०१६. तीन वर्षं तीन महिने एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवर होते. मग मुलगी झाली, मग लॉकडाउन. परत नोकरी शोधायला निघाले तर जो तो बायोडेटातल्या गॅपवर बोट ठेवायचा. सध्या दीड वर्ष एका व्हॅल्युअरच्या (बँकेसाठी घराची किंमत ठरवणाऱ्याच्या) ऑफिसात आहे. होम लोन घेतलेल्यांना बँकेतून फोन येतो ना, 'लीगल झालंय, टेक्निकल राहिलंय'? ते राहिलेलं टेक्निकल म्हणजे मी. स्कूटर काढायची, घर मोजायचं, फोटो काढायचे, चतुःसीमा जुळवायच्या, आजूबाजूचे भाव काढायचे, संध्याकाळी रिपोर्ट भरायचा. सही सरांची.

पगार २२ हजार, पेट्रोल वेगळं. दिवसाला साधारण चार व्हिजिट. धायरीत राहते म्हणून सिंहगड रोड, नऱ्हे, आंबेगाव माझ्याकडे, पण कोणी सुट्टीवर असलं की वाघोलीही माझीच. मग त्या दिवशी घरी पोचायला आठ.

काम आवडतं हे आधीच सांगते. गेल्या महिन्यात आंबेगावला एक रीसेल टू बीएचके होता, सौदा ७२ लाखांचा. घेणारं जोडपंही तिथे आलेलं. हॉलला लागून टेरेस, त्याला स्लायडिंग खिडक्या लावून तिसरी बेडरूम केलेली. आत पलंग, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. मंजूर नकाशात ते उघडं टेरेस. मी लेझरने मोजलं आणि टेरेस वेगळं लिहिलं. लोन एजंटने जिन्यात गाठलं, "मॅडम, धरा की कार्पेटमध्ये, सगळे धरतात." मी धरलं नाही. त्याच सोसायटीतल्या अलीकडच्या इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या सौद्यांचे उतारे) काढल्या आणि आकडा ६४ लाखांवर थांबला. कर्ज ३० ते ७५ लाखांच्या टप्प्यात असलं की बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. म्हणजे ५७ लाख ६० हजारांऐवजी ५१ लाख २० हजार, आणि मधले सहा लाख चाळीस हजार त्या दोघांनी कुठून तरी उभे करायचे. रात्री नऊला तिचा फोन आला. चिडली वगैरे नाही. "ताई, परत एकदा येऊन मोजाल का?" एवढंच म्हणाली. दोन दिवसांनी कळलं, फाइल दुसऱ्या एजन्सीकडे गेली.

सर मला काही बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात त्या एजंटच्या केसेस आमच्याकडे आल्या नाहीत हेही मी पाहिलं.

आता मुद्दा. एकदा सरांचं बिल मीच टाइप केलं, रिपोर्टमागे १२०० रुपये. माझ्या महिन्याच्या ९५ व्हिजिट धरल्या तर एक लाख चौदा हजार होतात आणि माझ्या हातात २२. नवरा (आयटी, हिंजवडी) म्हणतो सोड, काहीतरी सॉफ्टवेअर शिक. सासूबाई म्हणतात लोकांची घरं मोजत फिरतेस त्यापेक्षा आपल्या घरात बस, अर्थात मुलीला दिवसभर त्याच सांभाळतात, त्यामुळे मी ऐकून घेते. नेटवर शोधलं तर अमेरिकेतल्या अप्रेझरचे (तिकडच्या व्हॅल्युअरचे) डॉलरमधले आकडे येतात, त्यांचा मला काय उपयोग?

पुण्यात राहून या कामात पाच-दहा वर्षांनी माणूस कुठे पोचतो? आयबीबीआयची (व्हॅल्युअरची नोंदणी करणारी सरकारी संस्था) परीक्षा द्यावी का? की बँकेतच टेक्निकल मॅनेजर व्हायचं बघावं? प्रत्यक्ष या धंद्यात असलेल्यांनी सांगा.

जुनावाडा

बावीस वर्षं हेच करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ते एक लाख चौदा हजार. त्यातून तुमचा पगार, पेट्रोल, रिपोर्ट तपासणारा माणूस आणि ऑफिसचं भाडं जातं. बिल पास व्हायला तीन तीन महिने लागतात, जीएसटी मात्र वेळेवर भरावा लागतो. शिवाय उद्या ते कर्ज बुडालं आणि चौकशी लागली की ज्याची सही त्याला बोलावतात, मोजायला कोण गेलं होतं हे नंतर. तुमचे सर तुम्हाला लुटत नाहीयेत. पण २२ हजार कमीच आहेत, माझ्याकडे तुमच्याएवढी मुलगी ३० घेते. मागा.

व्हिजिटच्या आकड्यावर या धंद्यात कोणी वर आलेलं मी पाहिलेलं नाही. स्कूटर एक आणि दिवस एक, चाराच्या सहा केल्या तर मापं चुकतात. पैसे स्वतःच्या सहीला आहेत, आणि तुम्ही त्या सहीच्या किती जवळ आहात हे तुम्हालाच कळलेलं दिसत नाही.

कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली व्हॅल्युअरच्या नोंदणीचे २०१७ चे नियम आहेत. लँड अँड बिल्डिंगसाठी सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगची पदवी आणि पदवीनंतर त्या विषयातला पाच वर्षांचा अनुभव लागतो. त्या विषयातला म्हणजे फक्त व्हॅल्युअरकडचाच असं नाही, तुमची साइटवरची वर्षंही त्यात येतात. तीन वर्षं तीन महिने अधिक दीड वर्ष, झाली चार वर्षं नऊ महिने. तीन महिने राहिलेत! कुठल्या तरी आरव्हीओची (नोंदणीकृत व्हॅल्युअरांची मान्यताप्राप्त संस्था) मेंबरशिप घ्या, त्यांचा ५० तासांचा कोर्स करा, मग परीक्षा. पासिंग ६० टक्के आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, तेव्हा तुक्के मारू नका. गणितं तुम्हाला जड जाणार नाहीत, सिव्हिलवाले पडतात ते कायद्याच्या प्रश्नांत.

हा नोंदणी नंबर मिळाला की दिवाळखोरी कायद्याखालची कामं करता येतात, १ फेब्रुवारी २०१९ पासून ती फक्त आयबीबीआय नोंदणीवाल्यांनाच. इन्कम टॅक्सवाली नोंदणी वेगळी. ती मूळची वेल्थ टॅक्स कायद्याच्या ३४एबी खालची (टॅक्स गेला, नोंदणी राहिली) आणि तिला दहा वर्षांचा अनुभव लागतो. माझं निम्मं घर त्यावर चालतं. पेठेतला वडिलोपार्जित वाडा विकायचा असला की नफ्यावरचा कर काढायला १ एप्रिल २००१ ची किंमत लागते. २०२० च्या बजेटपासून ती त्या दिवशीच्या रेडी रेकनरच्या (सरकारी दराच्या) किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही, तरी बांधकामाचं वय, घसारा, भाडेकरू हे सगळं बसवायला दोन दिवस जातात. अशा रिपोर्टचे मी आठ ते पंधरा हजार घेतो. भावाभावांच्या वाटण्या असतात, पोराच्या व्हिसासाठी आईबापांच्या मालमत्तेचा रिपोर्ट असतो. इथे एजंट नसतो, माणूस तोंडी ओळखीतून येतो.

माझं म्हणाल तर पहिली चार वर्षं सही हातात असूनही महिन्याला ३५-४० हजारांपुढे गेलो नाही, कारण बँकांचं पॅनेलच (त्यांच्या व्हॅल्युअरांच्या यादीत नाव) मिळेना. आज खर्च जाऊन सव्वा-दीड लाख सुटतात, मार्चमध्ये जास्त, पितृपक्षात ऑफिसात माशा.

टेरेसचं बरोबर केलंत. आणि वेगळं मोजून लिहिलंत म्हणून वाचलात, नुसतं 'टू बीएचके' लिहून आकडा कमी केला असतात तर एजंटने तुमचंच माप चूक ठरवलं असतं.

ओसी_कुठाय

मी दुसऱ्या बाजूचा, हाउसिंग फायनान्समध्ये क्रेडिटला (कर्ज मंजुरीच्या विभागात). आमच्याकडे टेक्निकल मॅनेजर म्हणून याल तर पगार नक्कीच बरा, पण दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासायचे आणि महिनाअखेरीला सेल्सवाले डोक्यावर.

एक सांगतो. नव्या प्रोजेक्टला आम्ही एकदाच मंजुरी देतो, मग त्यातल्या प्रत्येक फ्लॅटसाठी वेगळा माणूस पाठवत नाही. तिथलं काम कमी होत जाणार. रीसेल, स्वतंत्र बंगले, प्लॉटवरचं बांधकाम आणि मॉर्गेज लोन इथे माणूस लागतोच. आंबेगाव, धायरी २०१७ ला पालिकेत आले, नऱ्हे, वाघोली २०२१ ला. त्याआधीच्या कित्येक इमारतींना फक्त ग्रामपंचायतीचा कागद. तो कागद बघून कुठली इमारत घ्यायची आणि कुठली नाही हे ज्याला कळतं त्याचा फोन आम्ही आधी उचलतो. तुम्ही त्याच पट्ट्यात फिरताय.

एडिसनकर

न्यू जर्सीत राहतो, मेव्हणा इथे अप्रेझर आहे. डॉलरचे आकडे खरे आहेत, पण इथेही सही मिळायच्या आधी सीनियरच्या हाताखाली तास भरावे लागतात, लायसन्स्ड रेसिडेन्शियलला १०००, सर्टिफाइडला १५००. शिकाऊ माणूस घ्यायला सीनियर तयार होत नाहीत. आणि बँक व अप्रेझर यांच्या मधली कंपनी फीमधून आपला वाटा कापते म्हणून मेव्हणा रोज जेवताना रडतो.

काकडीची_कोशिंबीर

ताई, एकटीने रिकामा फ्लॅट बघायला जात असशील तर वॉचमनला वर घेऊन जा आणि दार उघडं ठेव. मी दोन वर्षं हे काम केलंय. लेझरची बॅटरी आणि पाण्याची बाटली, दोन्ही जास्तीची.

मोजपट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनावाडा काका, ती चार वर्षं नऊ महिने मी खरंच कधी मोजली नव्हती. गॅप, गॅप ऐकून साइटची वर्षं वाया गेली असंच धरून चालले होते.

काल सरांकडे पगाराचं काढलं. २६ म्हणाले, दिवाळीनंतर. आरव्हीओचं बोलले तर थोडे गप्प झाले, मग म्हणाले फॉर्म भर, माझ्याकडचं अनुभवपत्र देतो.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. त्याने फर्म बंद केली आहे, जुनं लेटरहेड आहे म्हणतो, "तारखा तूच टाक, मी सही करतो." माझ्याकडे रुजू झाल्याचं पत्र नाही. पहिले पाच महिने पगार रोख होता, नंतरचा बँकेत. फर्म बंद असताना दिलेलं पत्र आरव्हीओला चालेल का? आणि त्या रोखीच्या पाच महिन्यांना पुरावा म्हणून काय जोडू? साइटच्या मेजरमेंट बुकाचे माझ्या अक्षरातल्या पानांचे फोटो तेवढे आहेत.